कुत्र्याला फ्रिज उघडण्यापासून कसे रोखावे: नव्या श्वानपालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कुत्र्याने फ्रिज उघडल्याचे पहिल्यांदा लक्षात येते, तेव्हा घरात बहुधा हशाच पिकतो. दार सताड उघडे असते, आतला दिवा जळत असतो, फरशीवर अंड्यांची टरफले आणि फाटलेली पिशवी पडलेली असते आणि या सगळ्याच्या मधोमध तृप्त चेहऱ्याने शेपटी हलवणारा कुत्रा उभा असतो. आमच्याकडेही तसेच झाले होते. आम्ही हसलो, छायाचित्रे काढली, फरशी पुसली आणि विषय तिथेच सोडून दिला. चार दिवसांनी तेच दार पुन्हा उघडे सापडले आणि त्या वेळी आतून चॉकलेटची वडी नाहीशी झाली होती. ती रात्र पशुवैद्यांच्या दवाखान्यात काढावी लागली. पहिल्या आणि दुसऱ्या प्रसंगाच्या मधले ते चार दिवस आम्ही वाया घालवले, याची मला आजही खंत वाटते आणि म्हणूनच नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी हे सगळे सविस्तर लिहीत आहे.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी दार पक्के बंद करायचे आणि मग कुत्र्याला शिकवायचे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात, म्हणजे कुत्र्याला रागावून पाहतात आणि ते जमले नाही की महिन्याभराने कुलूप आणतात. तोवर कुत्र्याला दहा वेळा यश मिळालेले असते आणि दहा वेळा मिळालेले यश पुसून टाकणे एका वेळच्या यशापेक्षा कितीतरी अवघड असते.

कुत्र्याला हे जमते तरी कसे

फ्रिजचे दार कडीने बंद राहत नाही. दाराच्या चारही कडांनी फिरणाऱ्या रबरी पट्टीत चुंबक असते आणि त्या चुंबकाच्या ओढीवर दार चिकटून राहते. पूर्वी असे नव्हते. जुन्या फ्रिजना बाहेरून खटक्याची मूठ असे आणि ती आतून उघडता येत नसे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुले गुदमरून दगावण्याच्या घटना घडल्या, तेव्हा अमेरिकेत १९५६ साली कायदा होऊन फ्रिजचे दार आतून ढकलून उघडता आलेच पाहिजे, अशी सक्ती झाली आणि पुढे चुंबकी पट्टी सगळीकडे रूढ झाली. मुलांच्या जिवासाठी झालेला हा बदल योग्यच होता. पण ज्या दाराला आत अडकलेले लहान मूल ढकलू शकते, ते मध्यम आकाराच्या कुत्र्याला बाहेरून ओढता येणे मुळीच कठीण नाही.

दुसरी बाजू कुत्र्याच्या डोक्याची आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेल्या मांजरांना आणि कुत्र्यांना त्याने खटक्याने उघडणाऱ्या पेट्यांमध्ये ठेवले होते आणि पेटीबाहेर खाणे मांडले होते. सुरुवातीला जनावर अंदाधुंद ओरबाडत असे, धडपडता धडपडता कधीतरी खटका दबून दार उघडत असे आणि पुढच्या प्रत्येक खेपेला उघडण्यासाठी लागणारा वेळ कमी कमी होत जाई. आपल्या स्वयंपाकघरात हेच घडते. कुत्रा पहिल्या दिवशी दार ‘उघडत’ नाही. तो वासाच्या मागे जाऊन फटीत नाक खुपसतो, दार योगायोगाने सुटते आणि समोर खाणे दिसते. दुसऱ्या खेपेला मात्र तो योगायोग उरत नाही.

पायरी पहिली: आज रात्रीपुरता बंदोबस्त

कुलूप आणून ते पक्के बसायला एक-दोन दिवस जातील. तोपर्यंत घरात कोणी जागे नसताना किंवा कुत्रा एकटा असताना स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे. दार नसेल तर लहान मुलांसाठी मिळते ते जाळीचे फाटक चौकटीत अडकवावे आणि मोठ्या कुत्र्यासाठी ते उंच पाहून घ्यावे. दोन्ही शक्य नसेल तर कुत्र्याला दुसऱ्या खोलीत झोपवावे.

त्यानंतर फ्रिजच्या मुठीला अडकवलेला रुमाल, पंचा किंवा पिशवी आत्ताच्या आत्ता काढून टाकावी. ही बारीकशी बाब मी मुद्दाम इतक्या वर आणली आहे. अपंग व्यक्तींना मदत करणाऱ्या कुत्र्यांना फ्रिज उघडायला शिकवतात, तेव्हा मुठीला दोरी किंवा फडके बांधून ते दातांनी ओढायला शिकवतात. म्हणजे प्रशिक्षक ज्या साधनाने हे काम मुद्दाम शिकवतात, तेच साधन आपण हात पुसण्यासाठी कुत्र्याच्या तोंडासमोर टांगून ठेवलेले असते. काही घरांत तेवढे फडके हलवल्यावर प्रश्न मिटतो.

पायरी दुसरी: कुत्र्याची पद्धत ओळखणे

कुलूप कुठे लावायचे, हे कुत्रा दार कुठून उघडतो यावर अवलंबून असते. म्हणून खरेदीला जाण्याआधी पाच मिनिटे फ्रिजसमोर जमिनीवर बसून दार जवळून पाहावे. मुठीवर दातांच्या खुणा असतील तर तो ओढतो. बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, दाराच्या उभ्या कडेवर नखांचे ओरखडे असतील तर तो पंजा घालून खेचतो. सर्वांत जास्त आढळणारी तिसरी पद्धत मात्र वरून दिसत नाही. तीत कुत्रा दाराच्या खालच्या कोपऱ्यात नाक घालून दार उचकटतो. आमच्या फ्रिजच्या त्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रबरी पट्टीच्या घडीत सुकलेल्या लाळेचा पांढुरका थर होता आणि त्यात दोन-तीन आखूड केस चिकटले होते. रोज फ्रिज पुसूनही ते आम्हाला दिसले नव्हते, कारण ती घडी बोटाने उलटल्याशिवाय आतली बाजू दिसत नाही.

खुणांवरून उलगडा झाला नाही तर जुना मोबाइल स्वयंपाकघरात उभा करून चित्रण करावे, पण दार पट्ट्याने बांधलेले असतानाच. चित्रणाच्या हौसेपायी कुत्र्याला आणखी एक यश देऊ नये. चित्रणात आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे कुत्रा नेमका केव्हा जातो. घरचे बाहेर पडल्याबरोबर अस्वस्थ होऊन, येरझाऱ्या घालत, रडत तो फ्रिजकडे वळत असेल, तर दुखणे भुकेचे नसून एकटेपणाच्या भीतीचे असू शकते. त्यावरचे उपाय वेगळे असतात आणि ते पशुवैद्यांच्या किंवा जाणकार प्रशिक्षकाच्या सल्ल्यानेच करावेत.

पायरी तिसरी: फ्रिजचीच तपासणी

रबरी पट्टी ढिली असेल तर कुत्र्याचे निम्मे काम झालेलेच असते. कागदाचा एक तुकडा दार आणि चौकटीच्या मध्ये धरून दार लावावे आणि कागद ओढून पाहावा. तो सहज निसटला तर त्या जागी पकड कमी आहे. ही चाचणी चारही बाजूंनी, विशेषतः खालच्या दोन्ही कोपऱ्यांत करावी. बऱ्याचदा पट्टी खराब नसते, मळलेली असते. कोमट पाण्यात साबण घालून, मऊ फडक्याने घडीच्या आतून पुसून ती कोरडी केली की पकड सुधारते. पट्टी फाटली किंवा कडक झाली असेल तर बदलून घ्यावी.

फ्रिज किंचित मागे झुकलेला असावा. पुढचे पाय फिरवून उंची थोडी वाढवली की अर्धवट उघडे दार आपल्या वजनाने मिटते. मात्र किती झुकवायचा हे त्या फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत पाहून ठरवावे. दारातल्या कप्प्यांत बाटल्यांची फार गर्दी असेल तर दार जड होऊन लोंबते आणि नीट टेकत नाही, म्हणून तेही ओझे कमी करावे.

पायरी चौथी: कुलूप निवडणे आणि बसवणे

या पायरीत चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून इथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

लहान मुलांसाठी मिळणारा चिकटवायचा पट्टा हा सर्वांत सोपा उपाय आहे. त्याचे एक टोक दारावर आणि दुसरे फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर चिकटते आणि मध्ये बटण दाबून उघडणारा खटका असतो. लहान आणि मध्यम कुत्र्यांना हा बहुतेक वेळा पुरतो. कापडी पट्टा मात्र घेऊ नये, कारण कुत्रा तो चावून तोडतो. जाड, लवचिक प्लॅस्टिकचा घ्यावा. कुत्रा मोठा आणि जोरकस असेल तर पोलादी तारेचे, किल्लीने किंवा आकड्यांनी उघडणारे कुलूप घ्यावे. फ्रिजला दोन दारे शेजारी-शेजारी असतील आणि दोन्हींना उभ्या मुठी असतील, तर त्या दोन मुठी एकमेकींना जखडणारे कुलूप सर्वांत मजबूत ठरते, कारण त्यात चिकटपट्टीवर काहीच अवलंबून नसते. फ्रिज कपाटात बसवलेला असल्यामुळे बाजूचा पत्राच हाताशी येत नसेल, तर पट्ट्याच्या खटाटोपात न पडता स्वयंपाकघराच्या दाराशी कायमचे फाटक लावणे बरे.

चिकटपट्टी लावण्याआधी जागा साबणाच्या पाण्याने आणि नंतर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करावी. स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर तेलाचा अदृश्य थर असतो आणि पट्टा दोन दिवसांत निघून आला तर दोष सहसा पट्ट्याचा नसतो, त्या थराचा असतो. चिकटवल्यावर अर्धा मिनिट अंगठ्याने दाबून धरावे आणि किमान २४ तास पट्टा ओढू नये. पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवसही लागतात. तेवढे दिवस पहिल्या पायरीतला बंदोबस्त चालू ठेवावा. पुढे कधी पट्टा काढायचा झाला तर केस वाळवण्याच्या यंत्राने चिकटपट्टी कोमट करून तिच्यामागून दोरा करवतीसारखा ओढला की रंग न उडता ती सुटते.

आता जागेविषयी. पट्टा बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही इतक्या उंचीवर लावावा, असे सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. कुत्रा मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे तोंड कुठवर पोहोचते हे पाहून त्याच्या वर वीतभर जागा सोडावी. पण एवढ्यावर थांबलो तर फसगत होऊ शकते. फ्रिजचे दार वाटते तितके ताठ नसते. वरून बांधलेल्या दाराचा खालचा कोपरा जोर लावला की थोडा वळतो आणि रबरी पट्टी तेवढ्या जागी उचलली जाते. आमच्याकडे वरचा पट्टा जागच्या जागी असतानाही कुत्र्याने खालच्या कोपऱ्यात मुस्कट घातले आणि भाजीच्या कप्प्यापर्यंत जीभ पोहोचत नाही म्हणून संतापून रबरी पट्टीच कुरतडली. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे: नाकाने कोपरा उचकटणाऱ्या कुत्र्यासाठी दोन पट्टे लागतात, एक वर आणि एक दाराच्या साधारण मध्यावर. मधला पट्टा कुत्र्याच्या तोंडाशी येतो, म्हणून तो तरी दातांना दाद न देणारा असावा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. फ्रिजच्या बाजूला भोक पाडून स्क्रूने कडी बसवू नये. आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या लगेच मागे असतात; फ्रिजची बाजू हाताला कोमट लागते ती त्यामुळेच. त्या नळ्यांमधला वायू पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा असतो. एका भोकाने फ्रिज कायमचा निकामी होतो आणि धोका होतो तो निराळाच.

कुलूप लागल्यावर पहिले काही दिवस कुत्रा पूर्वीपेक्षा जास्त जोर लावेल, भुंकेल, ओरबाडेल. हे बिघडल्याचे नव्हे, सुधारणेचे लक्षण आहे. आजवर चाललेली युक्ती चालेनाशी झाली की ती सोडून देण्याआधी प्राणी ती जिवाच्या आकांताने एकदा करून पाहतो. या दिवसांत दार एकदाही उघडता कामा नये. दहा वेळा हरून अकराव्या वेळी जिंकलेला कुत्रा ‘जास्त चिवटपणा केला की मिळते’ हा धडा घेतो आणि अधूनमधून फळ देणारी सवय रोज फळ देणाऱ्या सवयीपेक्षाही उशिरा सुटते. म्हणूनच घरातल्या प्रत्येकाने, पाहुण्यांनीसुद्धा, प्रत्येक वेळी खटका लावला पाहिजे. दारावर डोळ्यांच्या उंचीला ‘खटका लावा’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवावी. अनेक फ्रिजमध्ये दार काही वेळ उघडे राहिले की वाजणारी सूचना असते. ती कोणी त्रासून बंद करून ठेवली असेल तर पुन्हा चालू करावी.

पायरी पाचवी: आतली मांडणी

कुलूप कितीही चांगले असले तरी एखाद्या दिवशी ते लावायचे राहणारच आहे, असे धरून आतली मांडणी करावी. कुत्र्याच्या जिवावर बेतू शकणारे पदार्थ सर्वांत वरच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. ते कोणते, हे घरातल्या सर्वांना तोंडपाठ हवे. चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन असते आणि कुत्र्याचे शरीर ते फार सावकाश बाहेर टाकते. चॉकलेट जितके गडद आणि कडू, तितके अधिक घातक. द्राक्षे आणि मनुके यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि कोणत्या कुत्र्याला किती प्रमाणात बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून थोडीशी खाल्ली तरी ती बाब गंभीर मानावी. कांदा आणि लसूण, मग ते कच्चे असोत वा शिजलेले, तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. याची लक्षणे काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे ‘खाऊन दोन दिवस झाले, काही झाले नाही’ हा दिलासा खोटा ठरू शकतो. साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल काही बिनसाखरेच्या गोड पदार्थांत असते आणि ते कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभराच्या आतही धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. खमीर घातलेली कच्ची कणीक पोटात फुगते आणि आंबून अल्कोहोल तयार करते. शिजलेली हाडे फुटून त्यांच्या टोकदार कपच्या होतात. बुरशी आलेले उरलेसुरले अन्न फ्रिजच्या तळाशी विसरलेले असते, तेही विषारी असू शकते. लोणी, चरबी आणि तळलेले पदार्थ विषारी नसले तरी ते एकदम भरपूर पोटात गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. घरातल्या कोणाची औषधे फ्रिजमध्ये असतील, उदाहरणार्थ इन्सुलिन, तर तीही याच यादीत धरावीत.

आवरणांनाही कमी लेखू नये. पातळ प्लॅस्टिकची पिशवी कुत्र्याने डोके घालून चाटली की ती तोंडाला घट्ट बसून श्वास कोंडू शकतो आणि गिळलेले प्लॅस्टिक आतड्यात अडकते. काचेच्या बाटल्या खालच्या कप्प्यात ठेवू नयेत. उघडी भांडी टाळून झाकणाचे डबे वापरले की वास कमी पसरतो आणि वास कमी झाला की कुत्र्याचे फ्रिजभोवती घुटमळणेही कमी होते.

पायरी सहावी: तो तिथे का जातो

हा प्रश्न पुष्कळ जण विचारतच नाहीत. एखादा कुत्रा अचानक हावरट झाला असेल, पूर्वी अन्नाकडे न पाहणारा आता कचराही उपसत असेल, तर आधी पशुवैद्यांना दाखवावे. जंत, मधुमेह, कुशिंग नावाचा संप्रेरकांचा आजार, स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडणे या सगळ्यांत भूक वाढते. स्टेरॉइडची औषधे चालू असतानाही ती वाढते. आजारी जनावराला शिस्त लावत बसणे हा अन्याय आहे.

काही जातींची भूक जन्मतःच मोठी असते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, लॅब्राडॉर कुत्र्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचे वजन आणि अन्नाची ओढ अधिक असते. आपला लॅब्राडॉर त्यांतला असेल तर तो लबाड नसून खरोखर भुकेलेला असतो, हे समजून घेतले की आपला राग निवळतो आणि कुलूपाविषयीचा आळसही जातो.

निरोगी कुत्र्याच्या बाबतीत उरते ते कंटाळ्याचे कारण. फ्रिज उघडणे हे त्याच्या दृष्टीने नाक, पंजे आणि डोके या तिन्हींना काम देणारे कोडे आहे. ते काढून घ्यायचे असेल तर त्या जागी दुसरे दिले पाहिजे. रोजच्या जेवणाचाच एक भाग वाडग्यात न देता जाड पायपुसण्यावर पसरून हुंगत शोधायला लावावा किंवा खाऊ भरता येणाऱ्या रबरी खेळण्यात कोंबून द्यावा. बाहेर पडण्याआधी फिरायला नेताना त्याला घाईने ओढत न नेता थांबून वास घेऊ द्यावे. मात्र खेळण्यात भरलेला खाऊ दिवसाच्या जेवणातून वजा करावा, नाहीतर फ्रिजचा प्रश्न सुटून वजनाचा सुरू होईल.

पायरी सातवी: शिकवण

फ्रिजचे दार उघडले की आपण आपल्या चटईवर जाऊन बसायचे, एवढीच गोष्ट कुत्र्याला शिकवायची आहे. ‘फ्रिजला हात लावू नको’ हे कुत्र्याला समजावून सांगता येत नाही. ‘इथे बस’ हे सांगता येते.

फ्रिजपासून तीन-चार पावलांवर, जिथून तो दिसतो अशा जागी एक चटई अंथरावी. कुत्रा तिच्यावर आला की ‘जागेवर’ हा शब्द उच्चारून चटईवरच खाऊ ठेवावा. दोन-तीन दिवसांत तो शब्द ऐकून चटईकडे जाऊ लागला की कुत्रा बसलेला असताना आपण फ्रिजपर्यंत जाऊन परत यावे आणि खाऊ द्यावा. मग मुठीला हात लावून परत यावे. मग दार बोटभर उघडून मिटावे. मग हातभर उघडावे, आतली वस्तू हलवावी, पिशवीचा आवाज करावा. कुत्रा उठला तर ओरडू नये. दार शांतपणे मिटावे, त्याला पुन्हा चटईवर आणावे आणि पुढची खेप आधीपेक्षा सोपी ठेवावी. उठलो की दार मिटते आणि बसलो की खाऊ येतो, हे त्याचे त्याला उमगू द्यावे. पाचपैकी चार वेळा जमल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये आणि एक बैठक पाच मिनिटांहून लांबवू नये. दिवसातून दोन-तीन छोट्या बैठका एका मोठ्या बैठकीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

यात एक नियम घरातल्या सर्वांनी पाळायचा आहे: बक्षिसाचा खाऊ फ्रिजमधून काढून कधीही द्यायचा नाही. तो खिशातून किंवा कमरेच्या पिशवीतून द्यावा. फ्रिज उघडून त्यातला तुकडा प्रेमाने कुत्र्याच्या तोंडात घालणारी एखादी आजी किंवा लहान मूल घरात असतेच आणि त्या एका तुकड्याने कुत्र्याचा ‘या पेटीत माझे जेवण असते’ हा समज पुन्हा पक्का होतो. आजींना हे हात जोडून, पण स्पष्टपणे सांगावे. त्यांना कुत्र्याचे लाड करायचेच असतील तर त्यांच्याजवळ खाऊचा वेगळा डबा द्यावा.

चटईची सवय मुरली की जोडीला ‘सोड’ हा शब्द शिकवावा, म्हणजे फ्रिजमधून काही खाली पडले तरी कुत्रा झडप घालणार नाही. बंद मुठीत साधा खाऊ धरावा. कुत्रा चाटेल, पंजा मारेल आणि ज्या क्षणी नाक मागे घेईल त्या क्षणी दुसऱ्या हातातला अधिक चविष्ट खाऊ द्यावा. पुढे मूठ उघडी ठेवून आणि मग वस्तू जमिनीवर ठेवून हाच सराव करावा.

ही शिकवण आपण समोर असताना छान चालते. आपण घरात नसताना चालते ते कुलूप. महिनाभर चटईवर शहाण्यासारखा बसणारा कुत्रा पाहून पट्टे काढून टाकण्याचा मोह होतो, पण माझ्या मते ते काढण्याचे काही कारण नाही. खटका दाबायला एक क्षण लागतो.

काय करू नये

घरी आल्यावर पसारा पाहून कुत्र्याला फ्रिजसमोर फरफटत नेणे आणि दटावणे निरुपयोगी आहे. कुत्रा शिक्षेचा संबंध त्या क्षणी घडणाऱ्या गोष्टीशी लावतो आणि त्या क्षणी घडलेले असते ते तुमचे घरी येणे. ‘पण त्याचा अपराधी चेहरा पाहा’ असे म्हणणाऱ्यांना सांगावेसे वाटते की, अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्या चेहऱ्याचा कुत्र्याच्या अपराधाशी संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे, मग कुत्र्याने खाल्लेले असो वा नसो.

मुठीला तिखट फासणे, उंदराचे सापळे मांडणे, पायाला झटका देणाऱ्या पट्ट्या अंथरणे यांतले काहीही करू नये. तिखट डोळ्यांत जाते, सापळ्यात पंजा सापडतो आणि घाबरलेला कुत्रा फ्रिजच नव्हे, तर जेवणाचे भांडे असलेले सबंध स्वयंपाकघर टाळू लागतो. दारासमोर खुर्ची लावणे हा धोक्याचा नसला तरी फसवा उपाय आहे. कुत्रा ती दोन दिवसांत ढकलायला शिकतो.

एवढे करूनही त्याने काही खाल्लेच तर

आधी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत न्यावे, म्हणजे उरलेले खाणे आणि काचा त्याच्या तोंडी लागणार नाहीत. मग फाटलेली आवरणे गोळा करून काय खाल्ले, साधारण किती खाल्ले आणि जास्तीत जास्त किती वेळ झाला असेल, हे ठरवावे. वर सांगितलेल्यांपैकी काही खाल्ल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा आणि या तीन गोष्टींबरोबर कुत्र्याचे वजन सांगावे, कारण विषाची मात्रा वजनावरच मोजली जाते. आवरण सोबत न्यावे. त्यावरचे घटक त्यांना वाचता येतात. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून घरीच उलटी करवू नये, कारण मिठानेच विषबाधा होऊ शकते आणि टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडू शकते. पशुवैद्यांचा क्रमांक फ्रिजच्या दारावर, ‘खटका लावा’ या चिठ्ठीशेजारीच, आधीपासून लिहून ठेवावा.

फ्रिजमध्ये शिल्लक राहिलेल्या अन्नाकडेही पाहावे लागते. दार किती वेळ उघडे होते हे माहीत नसेल, तर दूध, मांस, अंडी आणि शिजवलेले अन्न टाकून द्यावे. ४ अंश सेल्सिअसच्या वर दोन तासांहून अधिक राहिलेले असे अन्न खाण्यायोग्य मानले जात नाही. ते कचऱ्याच्या उघड्या डब्यात मात्र टाकू नये. झाकण लागणाऱ्या डब्यात भरून लगेच घराबाहेर न्यावे आणि परत आल्यावर, कुत्र्याला खोलीतून सोडण्याआधी, त्या दिवशी पट्टा कोणत्या टोकाला सुटला होता ते पाहून नवी चिकटपट्टी लावावी.